अर्थिंग

नवा मॉनिटर, सत्तावीस इंची. टिळक रोडवरून रिक्षात
मांडीवर धरून आणला, पार धायरीपर्यंत,
प्रत्येक गतिरोधकाला "हळू हो" म्हणत.
तिसऱ्या दिवशी काळा पडला.
दोन सेकंद. मग परत आला
काही झालंच नाही अशा चेहऱ्याने.

मी खळदकरांची जाहिरात लावत होते,
प्रथम पुण्यस्मरण, दोन कॉलम, दहा सेंटिमीटर.
"कै." एवढंच टाइप झालं होतं.
यमुनाबाई यायच्या होत्या अजून.

केबल काढली, फुंकली, टोकं बदलून लावली.
मग दुसरी केबल. मग साडेसहाशेची तिसरी,
सोनेरी टोकांची, नथीसारखी डबीत आलेली.
सेटिंगमध्ये जे जे चालू होतं ते बंद केलं,
बंद होतं ते चालू.
काळा.

दुकानात तौसीफने चार तास लावून ठेवला,
निळेपिवळे मासे पोहत राहिले त्यात,
एकदाही पापणी लवली नाही.
"ताई, हा तर ठणठणीत आहे."
डॉक्टरच्या दारात पोराचा ताप उतरतो
आणि आईच खोटी पडते, तसं.
परत रिक्षा, परत मांडी, परत हळू हो.

मग भिलारे वायरमन आले. होल्डरला बल्ब,
प्लगच्या वरच्या मोठ्या भोकात वायर खुपसली.
बल्ब लागेचना.
"ताई, तुमच्या घरात अर्थच नाही."
म्हटलं, ते ठाऊक होतं मला,
बघून सांगायचे दोनशे होतात हे नव्हतं.
ते हसले नाहीत. खाली मीटरपासून
हिरवी वायर ओढून दिली. साडेअकराशे.
संध्याकाळी काळा पडला,
अर्थासकट.

तेव्हा वही केली. बँकेच्या जुन्या डायरीत
नुसत्या वेळा टिपायच्या, कारण शोधायचं नाही.
८.२०. ८.२२. ९.०५. ११.४०.
४.००.
रात्री एक ते तीन सलग बसले, तेव्हा एकही नाही.
रात्री व्होल्टेज चांगलं असतं, मी शेजारी लिहिलं.

रविवारी ऋजुता आली, भावाची मुलगी.
पोहे खाताखाता पानं उलटत होती.
"आत्या, आठ-वीसला काय असतं?"
कचऱ्याची गाडी.
"आणि आठ-बावीसला?"
सुका कचरा द्यायचा राहिला होता.
"नऊ-पाच?" आईचं इन्सुलिन.
"अकरा-चाळीस?" कुकर.
"चार?" आईला कुशीवर वळवायचं असतं.
तिचा चमचा थांबला.
"या मॉनिटरच्या वेळा नाहीत गं.
तुझ्या उठायच्या आहेत."

खुर्ची! खराडीतली कुठलीशी कंपनी बंद झाली
तेव्हा भंगारवाल्याकडून घेतलेली,
पाठीला अजून चिकटलेला नंबर, ०४१७.
डिसेंबरची कोरडी हवा, अंगात लोकरी स्वेटर,
पायाखाली नायलॉनची चटई.
मी उठले की तिचं नळकांडं उसासा टाकतं,
कुठेतरी न दिसणारी ठिणगी पडते
आणि केबलमधून चाललेलं चित्र
दोन सेकंद वाट चुकतं.
ऋजुताने दहादा उठवलं, दहादा बसवलं.
सातदा काळा.
आतून आई म्हणाली, "कसली कवायत चाललीय?"

लाकडी खुर्ची घे, ऋजुता जाताना म्हणाली.
लाकडावर दहा तास बसायची कंबर
राहिली नाही आता.
०४१७ वर बसणारा कुणी असेल, त्याचाही पडदा
जात असेल का असा, तो चहाला उठला की?
की त्याला उठावंच लागत नसेल फारसं?

हल्ली उठायच्या आधी
खिडकीच्या गजाला हात लावते.
बारीक चटका बसतो बोटाला.
मग उठते. मागे पडदा उजळ राहतो,
बहुतेकदा.

आईच्या खाटेवरून दार उघडं असलं की दिसतं.
"रोज कुणाच्या पाया पडतेस गं खिडकीत?"
आले, म्हणते मी,
आणि हात लावते.